केर काढला की बाबा बाई होतो का?

पुण्यातल्या धायरीच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. धाकटी मुलगी तीन वर्षांची. आई-बाबा दोघंही नोकरीला, घरी आजी-आजोबा. संध्याकाळी सात ते साडेनऊ हॉलमध्ये मालिका. मागच्या रविवारी कामाच्या मावशी आल्या नाहीत म्हणून बाबाने झाडू हातात घेतला, तर मुलगा म्हणाला, "बाबा, तू काय बाई आहेस का?" सगळे हसले, आजोबा जरा जास्तच. तेव्हापासून तो बहिणीला आपल्या गाड्यांना हात लावू देत नाही. "मुलींनी भातुकली खेळायची," म्हणतो. आईला वाटतं हा मालिकांचा परिणाम आहे. बाबाचं म्हणणं, मोठा झाला की कळेल त्याला. केबल काढून टाकू का, आणि सासूबाईंना काय सांगू, असे दोन प्रश्न आहेत.

ताई, केबलचं उत्तर लगेच देतो: काढू नका. कारण पुढे येईलच. पण तुम्ही विचारलेल्या दोन प्रश्नांच्या खाली मला तिसरा दिसतो. तुमचा मुलगा सध्या 'बाई म्हणजे काय, पुरुष म्हणजे काय' याचे नियम जमवतोय, आणि ते तो कुठून उचलतो, हा खरा प्रश्न आहे. टीव्हीवरून उचलतो हे नक्की. फक्त टीव्हीवरून उचलतो का, याबद्दल मला दाट शंका आहे.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी बावीस वर्षं पुण्यात बालवाडीत शिकवलं, आता मुलांच्या वागण्याबद्दल पालकांशी बोलण्याचं काम करतो. पुरुष असून बालवाडीत, त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने लहान गटातली मुलं मला 'ताई'च म्हणत. मिशा होत्या, आवाज हा असा, तरीही ताई. बालवाडीत शिकवते ती ताई, हा त्यांचा नियम इतका पक्का होता की समोर उभा असलेला मी त्यात दिसत नव्हतो. कॅरल मार्टिन आणि चार्ल्स हॅल्वरसन या मानसशास्त्रज्ञांनी 1983 साली पाच-सहा वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग नंतर माझ्या वाचनात आला. मुलांना चित्रं दाखवली. काही नेहमीची, काही उलटी, म्हणजे मुलगी करवतीने लाकूड कापतेय अशी. आठवड्याने विचारलं, लाकूड कोण कापत होतं? बऱ्याच मुलांना मुलगा आठवला. चित्र त्यांनी नीट पाहिलं होतं, पण डोक्यातल्या साच्यात ते बसेना, म्हणून आठवणीनेच ते दुरुस्त करून टाकलं. 'ताई' म्हणण्याचा राग मी त्या दिवशी सोडला.

आता त्या रविवारच्या वाक्याकडे या. मोठ्यांना ते टोमण्यासारखं ऐकू आलं. सहा वर्षांच्या तोंडी ते अनेकदा टोमणा नसतं, खराखुरा प्रश्न असतो. लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1966 साली मांडलं की मुलाला ही समज टप्प्याटप्प्याने येते. आपण मुलगा की मुलगी हे ते दोन-तीन वर्षांचं असताना सांगू लागतं. मोठं झाल्यावरही आपण तेच राहणार, हे नंतर कळतं. आणि कपडे, केस, काम बदललं तरी माणूस बदलत नाही, हे बसायला सहा-सात वर्षं उजाडतात. मोठ्या गटात एकदा आम्ही बाजार-बाजार खेळत होतो. एका मुलाला भाजीवाली व्हायचं होतं, टोपली घेऊन बसलाही. मी त्याच्या डोक्यावर ओढणी टाकायला गेलो तर ओठ थरथरायला लागले. हळूच म्हणाला, "काढल्यावर मी परत मुलगा होईन ना?" त्याला लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती.

ज्याला आपण मुलगा आहोत हे टिकवून धरावं लागतं असं वाटतं, तो नियम घट्ट धरतो. वाहतुकीचे नियम नुकते शिकलेलं मूल नाही का, सिग्नलला बाबाने पांढऱ्या पट्टीवर गाडी घेतली तरी ओरडतं, तसंच. हा ताठरपणा बऱ्याच मुलांत पहिली-दुसरीनंतर सैल होऊ लागतो. त्या अर्थाने तुमचे यजमान अर्धे बरोबर आहेत. पण सैल होऊन तो कुठल्या दिशेला जाईल, ते घरात मिळालेल्या उत्तरावर ठरतं. आणि त्या रविवारी तुमच्या घरात त्याला उत्तर मिळालं ते हसण्यातून.

या हसण्यावर मी जरा थांबतो, कारण माझ्या लेखी तुमच्या सगळ्या प्रश्नातला सर्वात महत्त्वाचा शब्द 'हसले' हा आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा बाहुलीला मारण्याचा प्रयोग पुष्कळांना ऐकून माहीत असतो. त्याचा 1965 सालचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. मुलांना एक फिल्म दाखवली, त्यात मोठा माणूस फुगीर बाहुलीला बडवतो. शेवट तीन प्रकारचे: त्याला बक्षीस मिळतं, त्याला शिक्षा होते, किंवा काहीच होत नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी, आणि त्यातही मुलींनी, नक्कल कमी केली. मग सांगितलं, जे पाहिलंस ते करून दाखवलंस तर स्टिकर आणि सरबत मिळेल. झालं, जवळजवळ सगळ्यांनी तितक्याच सराईतपणे करून दाखवलं. म्हणजे शिकले सगळेच होते. करायचं की नाही, हे मात्र करणाऱ्याचं पुढे काय होतं ते बघून ठरवत होते.

तुमच्या मुलाने बाबाला केर काढताना पाहिलं. कसा काढायचा ते तो शिकला. आणि केर काढणाऱ्या बाबाला सगळे हसतात, हेही शिकला. मालिका याच जागी काम करते. तिच्यात सुनेने भरला डायनिंग टेबल सजवला की पार्श्वसंगीत गोड होतं, आणि मुलगा ओट्याशी गेला की 'टॉइंग' असा विनोदी आवाज येतो, हे कधी लक्षात आलंय? संवाद मुलांना कळत नाहीत, पण कुठे हसायचं ते बरोबर कळतं.

टीव्हीचा वाटा मी झटकून टाकत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एक गाव होतं, दरीत असल्यामुळे तिथे टीव्हीचे सिग्नल पोचत नव्हते. संशोधकांनी त्याला 'नोटेल' असं टोपणनाव दिलं. 1973 साली तिथे टीव्ही येणार म्हटल्यावर टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी टीव्ही येण्याआधी आणि दोन वर्षांनंतर मुलांची पाहणी केली. दोन वर्षांत मुलींची कामं कुठली, मुलांची कुठली, याबद्दलची मुलांची मतं जास्त साचेबद्ध झाली होती. गाव एकच, आणि गोष्टही पन्नास वर्षांपूर्वीची. तरी 'आधी टीव्ही नाही, मग आहे' अशी स्वच्छ तुलना पुन्हा मिळणं अवघड, म्हणून मी तिला वजन देतो.

पण आपल्याकडचा एक अभ्यास याच्या अगदी उलट जातो. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी 2001 ते 2003 या काळात भारतातल्या चार राज्यांतल्या आणि दिल्लीतल्या गावांमध्ये केबल आल्यावर काय बदललं ते तपासलं. तेव्हा केबलवर काय चालायचं ते आपल्या सगळ्यांना आठवतंय: जरीच्या साड्या, कट करणाऱ्या सासवा, जिन्यावरून घसरणाऱ्या सुना. आणि तरीही केबल आलेल्या गावांत नवऱ्याने मारणं योग्य मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मालिकांविरुद्धचं माझं एक ठरलेलं भाषण गुंडाळून ठेवावं लागलं.

दोन्ही खरं कसं? मला पटलेलं उत्तर असं: टीव्ही घराच्या पुढे आहे की मागे, त्यावर सगळं ठरतं. जिथे बाईला दारापर्यंत जायला विचारावं लागतं, तिथे फोनवर बोलणारी, शिकलेली, उलट उत्तर देणारी नायिका पुढची पायरी असते. तुमच्या घरात तुम्ही रोज सकाळी सिंहगड रोडच्या गर्दीतून गाडी काढून कामावर जाता, नवरा रविवारी का होईना झाडू घेतो. तुमच्या हॉलमधला टीव्ही तुमच्या घराच्या मागे आहे, म्हणून तो मागे ओढतो. म्हणूनच 'मालिका वाईट' असं सरसकट उत्तर मी देत नाही. कुठली मालिका, कुठल्या घरात, आणि बघताना शेजारी कोण बसलंय, हे विचारतो.

शिवाय टीव्ही प्रत्येक बाबतीत खोटंही बोलत नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात असं निघालं, आणि पुरुष 97. हे 97 सुद्धा जे करतात त्यांच्यापुरते. दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात साधारण चारातले एक होते. आता सहा वर्षांच्या मुलाने आजूबाजूला पाहून 'घरकाम बायका करतात' असा निष्कर्ष काढला, तर निरीक्षण म्हणून ते चूक कसं म्हणणार? चूक आहे ती पुढची उडी. 'करतात' वरून 'करायचं असतं' वर आणि 'पुरुषाने केलं तर तो बाई' वर. आपल्याला त्या उडीवर काम करायचंय.

म्हणून माझ्याकडे असा प्रश्न आला की मी मुलाला बाकी काही विचारत नाही. कागद आणि खडू देतो आणि सांगतो, रात्री आठ वाजताचं तुमचं घर काढ. हे तुम्हीही करून बघा. वारज्याच्या एका मुलाचं चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मधोमध हा एवढा टीव्ही. सोफ्यावर बाबा, हातात रिमोट. आजोबा, आजी. स्वतः खाली सतरंजीवर. डाव्या कडेला एक दार, आणि दारातून आलेला एक हात, हातात ताटली. "हे कोण?" तर म्हणाला, "आई." आख्ख्या चित्रात आईचा एवढाच भाग. आईने चित्र पाहिलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. पडद्यावर काय चाललंय ते त्याने काढलंच नव्हतं, टीव्ही नुसता निळा रंगवला होता.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, मूल पडद्याकडे बघतं तितकंच पडद्यासमोर बसलेल्यांकडेही बघतं. कोण बसतं, जाहिरात लागली की कोण उठतं, कोणाला कधी हसू येतं. पडदा आणि सोफा एकच गोष्ट सांगत असतील तर ती पक्की होते.

आता करायचं काय. आधी तुमच्याकडचं सर्वात सोपं काम: त्या राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या, आणि ते बाबाने द्यायचं. भाषण नको. पुढच्या वेळी केर काढताना इतकंच, "नाही रे. केर काढला तरी मी बाबाच. आणि आई कार चालवते तरी आईच." सहा वर्षांच्या डोक्याला याहून जास्त स्त्री-पुरुष समानता एका वेळी नको असते.

मग बाबाचं एक काम ठरवा. एकच, पण रोजचं, आणि ते मालिकेच्या वेळेत. कणीक मळणं म्हणा, जेवणाची पानं घेणं म्हणा, मागचं आवरणं म्हणा. ते त्याचं काम, त्याला 'मदत' म्हणायचं नाही. 'बाबा आईला मदत करतो' हे वाक्य मला 'बाबा काहीच करत नाही' यापेक्षा जास्त खटकतं, कारण त्यात काम कोणाचं हे ठरूनच गेलेलं असतं. काम बिघडलं तर तुम्ही उठून सावरायचं नाही. पोळ्या वातड होऊ देत. आणि त्याचं कौतुकही नको. तुम्ही रोज पानं घेता तेव्हा कोणी टाळ्या वाजवतं का?

तिसरं, मालिकेसोबतचे प्रश्न. अमेरिकेत 1978 साली नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी याच विषयावर तेरा भागांचा एक कार्यक्रम सरकारी मदतीने केला गेला, मुलींनी यंत्रं खोलावीत, मुलांनी लहानांना सांभाळावं वगैरे. नुसतं बघणाऱ्या मुलांपेक्षा, वर्गात बघून मग शिक्षकांशी बोलणाऱ्या मुलांची मतं जास्त बदलली. म्हणजे चांगला कार्यक्रमही बोलल्याशिवाय अर्धाच पोचतो. मग नेहमीच्या मालिकेला तर बोलणं हवंच. पण 'बघ, हे किती चुकीचं दाखवतायत' असं म्हणू नका. आजीही दुखावेल आणि मूलही कंटाळेल. माझा आवडता प्रश्न आहे, "ही बाई जेवते कधी रे?" सबंध भागभर ती सगळ्यांना वाढत असते, आग्रह करत असते. मुलाला ती जेवताना दिसली की सांगायचं, एवढंच काम द्या. कर्वेनगरच्या एका मुलीला मी हे दिलं होतं. चौथ्या दिवशी तिने फोन करायला लावला: "काका, ती अजून जेवलीच नाही." मागून आजीचा आवाज आला, "अगं, तिला उपास असेल." आणि मग आजीच हसायला लागली.

उलटी चित्रंही दाखवा, पण एकदा दाखवून काम होईल असं समजू नका. ते करवतीचं चित्र आठवा. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र घातलं, त्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मी ते माझ्याकडच्या मुलांना दाखवून विचारायचो, काय चाललंय? एक जण म्हणाला, "बाबांना सुट्टी आहे." दुसरा म्हणाला, "आईला बरं नसेल." पोरांनी साचा वाचवायला कारणं शोधून काढली. तिथे चूक म्हणायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा: आईला बरं असतं तर? तो जो गप्प होतो ना, त्या गप्प होण्यात काम होतं. यूनिसेफच्या 'मीना' या कार्टून मालिकेतला आंब्याच्या वाटणीचा भागही मी दाखवतो. मीना आणि तिचा भाऊ राजू एक दिवस कामं बदलून घेतात आणि राजूची त्रेधा उडते. इतक्या वर्षांनीही पोरं खदखदून हसतात, आणि या वेळी हसू योग्य ठिकाणी येतं.

जाहिराती मात्र विसरू नका. मालिका एका भागात एकदा जे सांगते ते जाहिरात संध्याकाळभरात दहा वेळा सांगते, गाण्यासकट. यूनिसेफ आणि पडद्यावर बायका-पुरुष कसे दाखवतात याचा अभ्यास करणारी जीना डेव्हिस इन्स्टिट्यूट यांनी भारतातल्या 2019 सालच्या हजाराहून जास्त जाहिराती तपासल्या होत्या. पडद्यावर बायका भरपूर होत्या, पण बहुतेक साबण, मसाले आणि सौंदर्य विकत. जाहिरातीत आवाज बंद करून "हे काय विकतायत ओळख" असा खेळ करा. मोबाइलवरचे खेळण्यांचे व्हिडिओ हा वेगळाच विषय आहे. तिथे शेजारी आजीही नसते, म्हणून मला ते टीव्हीपेक्षा जास्त नकोसे वाटतात.

केबल काढू नका म्हणालो ते यासाठीच. टीव्ही हॉलमध्ये आहे, सगळ्यांसमोर आहे, त्याच्यावर बोलता येतं. शिवाय तो सासूबाईंचा विरंगुळा आहे. दिवसभर दोन नातवंडं सांभाळून सात वाजता त्यांना दोन-अडीच तास टेकायला मिळतं. ते तुम्ही काढून घेतलंत तर घरातल्या एका बाईच्या विश्रांतीची किंमत देऊन नातवाला समानता शिकवल्यासारखं होईल. त्यांना सांगायचं काही नाहीच. विचारायचं आहे: कुठल्या दोन मालिका खरंच आवडतात? त्या दोन राहू देत, बाकी नुसता चालू असलेला टीव्ही बंद. बहुतेक घरांत हे भांडणाशिवाय होतं.

आजोबांचं थोडं नाजूक आहे. मुलासमोर त्यांना टोकू नका, ते अजून मोठ्याने हसतील. त्यांचं पुण्यातलं पहिलं वर्ष विचारा. त्या पिढीतले निम्मे पुरुष गावाहून आले, पेठेत कॉट बेसिसवर राहिले आणि वातीच्या स्टोव्हवर पिठलं-भात करून जेवले. माझ्या अनुभवात हे आजोबा लोक ती गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात, फक्त कोणी विचारत नाही. नातवाला ते पिठलं खायला मिळालं तर आणखी बरं.

काळजी कधी करायची? तो बहिणीला खरोखर मारू लागला, तुम्हाला 'तू बाई आहेस, गप्प बस' अशा सुरात बोलू लागला, किंवा स्वतःला आवडणारी गोष्ट, नाच, चित्रं, काहीही, 'मुलींचं' म्हणून सोडू लागला, तर जवळच्या समुपदेशकाला एकदा भेटा. तिसरं लक्षण घरच्यांना दिसतच नाही, कारण त्यात कोणालाच त्रास होत नाही. मला मात्र त्याचीच जास्त काळजी वाटते. गाड्यांचं भांडण सध्या भांडणच समजा. गाड्या त्याच्या आहेत, न देण्याचा हक्क त्याला आहे. फक्त कारण म्हणून 'तू मुलगी आहेस' चालणार नाही, 'माझ्या आहेत' चालेल.

आठ वाजताचं चित्र आज काढून घ्या, तारीख घालून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढायला सांगा. वारज्याच्या त्या मुलाने दिवाळीनंतर दुसरं चित्र काढलं. आई आख्खी होती आणि सोफ्यावर बसलेली होती. बाबा ओट्याशी, समोर कुकर, कुकरच्या तीन शिट्ट्या हवेत. बाबाच्या पॅंटच्या खिशात काहीतरी काळं, चौकोनी काढलं होतं. मोबाइल असेल असं वाटून मी विचारलं, तर म्हणाला, "नाही काका, रिमोट आहे."